पदवी आणि परेड

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांच्या हिवाळी सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी एनसीसीची (राष्ट्रीय छात्रसेनेची) निवड नेमकी याच महिन्यांत चालते. आधी बटालियन, मग ग्रुप, मग संचालनालय. प्रत्येक पायरीवर शिबिर, आणि प्रत्येक शिबिराअखेर काही नावं गळतात. शेवटपर्यंत टिकलेला कॅडेट जानेवारीचा जवळजवळ सगळा महिना दिल्ली कँटोन्मेंटमधल्या करिअप्पा परेड ग्राउंडवर काढतो. तो परत येतो तेव्हा वर्गात नव्या सत्राचा बराच भाग शिकवून झालेला असतो, आणि पुष्कळदा जुन्या सत्राचा एखादा पेपर राहिलेला असतो. कॉलेज सांभाळून लष्करी अधिकारी होण्याची तयारी करणं किती अवघड आहे, हे या तीन-चार महिन्यांत नीट कळतं.

या ओढाताणीचं नियोजन करता येतं, आणि ते करायला शिकणं हेच अधिकारी होण्याचं पहिलं शिक्षण आहे, असं मला ठामपणे वाटतं. मात्र त्यात पदवीचं पारडं हलकं होऊ देता कामा नये. त्याचं कारण भरतीच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. एनसीसीत नाव घातलं म्हणजे सैन्यात जाण्याचं बंधन येत नाही, आणि तीन वर्षं पूर्ण केली म्हणून कुणाला कमिशन मिळत नाही. अधिकाऱ्याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण पदवीनंतर, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत किंवा डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत होतं. एनसीसी तिथवरचं अंतर कमी करते. सैन्यदलात ‘एनसीसी स्पेशल एंट्री’ नावाचा मार्ग आहे. त्यात लेखी परीक्षा नाही. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्यांना थेट सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीचं बोलावणं येतं. वय १९ ते २५, पदवीला किमान ५० टक्के गुण आणि एनसीसीच्या तिसऱ्या वर्षाअखेरचं सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडसह, या त्याच्या मुख्य अटी. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, पण आधीच्या वर्षांची सरासरी ५० टक्क्यांच्या वर हवी. वर्षातून दोनदा जाहिरात निघते. चेन्नईतलं प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं असतं आणि ते पूर्ण झालं की खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे लागतात. हे शॉर्ट सर्व्हिस कमिशन दहा वर्षांचं असून पुढे चार वर्षांनी वाढवता येतं.

या अटी एकत्र वाचल्या की हिशेब उघड होतो. सी सर्टिफिकेटला ए ग्रेड, दिल्लीचं शिबिर, नेमबाजीतलं पदक असं सगळं असूनही पदवीला ४९ टक्के पडले, तर या मार्गाने अर्जसुद्धा करता येत नाही. उलट ७५ टक्के मिळवणारा विद्यार्थी परेडला दांड्या मारत राहिला, तर त्याला सी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. दोन्ही बाजूंना उंबरठा आहे, आणि दोन्ही ओलांडल्याशिवाय दार उघडत नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस परीक्षाही आहे. तिच्यातून डेहराडूनला जाणाऱ्यांत सी सर्टिफिकेटधारकांसाठी काही जागा राखीव असतात, पण तिथे लेखी परीक्षा चुकत नाही. स्पेशल एंट्रीतही जागा मोजक्याच, मुलींसाठी तर अगदीच थोड्या. म्हणून ज्याला खरोखर अधिकारी व्हायचं आहे त्याने दोन्ही मार्ग धरून ठेवावेत.

विद्यार्थ्याने शिकता शिकता सैनिकी शिक्षण घ्यावं, ही कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, विद्यापीठांमध्ये ‘युनिव्हर्सिटी कोअर’ उभी राहिली. १९२० नंतर तिचं ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झालं आणि १९४२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर’. स्वातंत्र्याच्या तोंडावर देशव्यापी छात्रसेनेचा आराखडा करण्यासाठी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अनेक वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्या समितीच्या अहवालावरून कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना सुरू झाली. मुलींचा विभाग पुढच्याच वर्षी निघाला. चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६३ पासून, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची होती. त्या काळात कॉलेजात गेलेल्या आजोबांना विचारलं तर खाकी पोशाखातल्या कवायतीच्या आठवणी ते आजही सांगतात. १९६८ मध्ये सक्ती उठली. आज एनसीसीत येणारा प्रत्येक विद्यार्थी स्वतःहून येतो, आणि माझ्या मते हेच योग्य आहे.

अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे. तिथल्या ‘आरओटीसी’ची घडी १९१६ च्या कायद्याने बसली. तिथला विद्यार्थी चार वर्षं पदवीसोबत लष्करी विषय शिकतो, तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात केंटकीतल्या फोर्ट नॉक्सला मोठं शिबिर करतो आणि पदवी हातात पडते तेव्हाच अधिकारी होतो. अनेकांना शिष्यवृत्ती मिळते आणि बदल्यात सैन्यात ठरावीक वर्षं सेवा देण्याचा करार असतो. आपल्याकडे ना करार आहे, ना शिष्यवृत्तीची तशी सोय. त्यामुळे तोल सांभाळण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यावर आणि त्याच्या महाविद्यालयावर येते.

आता तीन वर्षांत नेमकं काय करावं लागतं ते पाहू. आठवड्याची परेड बहुधा शनिवारी किंवा रविवारी सकाळी असते. खेड्यातून येणाऱ्या मुलांना त्यासाठी पहिली एसटी पकडावी लागते आणि आदल्या रात्री ड्रेसला इस्त्री, बुटांना पॉलिश, पट्ट्याच्या बकलला ब्रासो हे सगळं उरकावं लागतं. फॉलिनला उशीर झाला तर रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, ठरलेला. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मूड’ या हिंदी हुकमांवर कवायत होते. शिवाय नकाशावाचन, होकायंत्राचा वापर, पॉइंट टू टू रायफलची खोलजोड आणि गोळीबार, फील्ड क्राफ्ट, प्रथमोपचार, आपत्ती व्यवस्थापन, समाजसेवा हे सगळं अभ्यासक्रमात आहे. शिकवायला बटालियनमधून हवालदार, सुभेदार येतात. कॅडेट त्यांना पीआय स्टाफ म्हणतात. कॉलेजातली सूत्रं एएनओंकडे असतात. हे एएनओ म्हणजे त्याच महाविद्यालयात मराठी, रसायनशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. पुरुष प्राध्यापकांचं त्यासाठीचं प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठीत होतं आणि महिलांचं ग्वाल्हेरला. एकाच माणसाने सोमवारी वर्गात शिकवावं आणि रविवारी गणवेशात परेड घ्यावी, ही रचना मला फार मोलाची वाटते. दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी कशा पेलतात, याचं उदाहरण विद्यार्थ्याला दर आठवड्याला समोर दिसतं.

परेडची हजेरी ७५ टक्के हवी. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बी सर्टिफिकेटची परीक्षा आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सीची. बीसाठी किमान एक शिबिर आणि सीपर्यंत दोन, अशी सर्वसाधारण अट आहे. याचा सरळ अर्थ असा की कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी नाव घातलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी भरती झालं, तर पदवीबरोबर सी सर्टिफिकेट पूर्ण होणं कठीण. ‘आधी कॉलेजात रुळू दे, मग पुढच्या वर्षी बघू,’ असं घरून पुष्कळदा सांगितलं जातं. हेतू चांगला असतो, पण त्या एका वर्षाने स्पेशल एंट्रीची वाट मोठी लांबते.

अभियांत्रिकीच्या मुलांना इथे चांगली सवड मिळते. त्यांची पदवी चार वर्षांची आणि एनसीसी तीन वर्षांची. पहिल्या वर्षी भरती झालेला कॅडेट तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सीची परीक्षा देऊन मोकळा होतो आणि चौथं वर्ष प्रोजेक्ट, प्लेसमेंट आणि एसएसबीच्या तयारीला मिळतं. विज्ञान शाखेच्या मुलांची ओढाताण सर्वांत जास्त, कारण प्रात्यक्षिकं. व्याख्यान बुडलं तर मैत्रिणीची वही मिळते; बुडलेलं प्रॅक्टिकल पुन्हा लावून द्यायला प्रयोगशाळेतल्या सरांना वेळ काढावा लागतो. शिबिराला जाण्याआधीच त्या सरांना भेटून तारखा ठरवणारा विद्यार्थी मे महिन्यात जर्नल पूर्ण करण्याच्या धावपळीतून वाचतो.

शैक्षणिक वर्षाचं कॅलेंडर आणि एनसीसीचं कॅलेंडर शेजारी ठेवून पाहावं. जूनअखेर किंवा जुलैत भरती. १५ ऑगस्टची परेड. सप्टेंबरमध्ये अंतर्गत चाचण्या आणि त्याच सुमारास दिल्लीच्या निवडीची सुरुवात. दिवाळीच्या आगेमागे सत्र परीक्षा. सुट्ट्यांत दहा दिवसांचं वार्षिक शिबिर. २६ जानेवारी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बी आणि सीच्या परीक्षा, आणि त्याला लागूनच उन्हाळी सत्राची परीक्षा. म्हणजे वर्षात दोन ठिकाणी खरी गर्दी होते, दिवाळीच्या सुमारास आणि मार्चमध्ये. या दोन्हींच्या आधीचे सहा-सहा आठवडे ज्याने अभ्यासासाठी राखून ठेवले, त्याचं निम्मं काम झालं. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेज सैल असतं, पुस्तकं नवी असतात, पाऊस असतो. हेच दिवस पुढचा अभ्यास उरकण्याचे. पण बहुतेक विद्यार्थी ते घालवतात आणि मग दिवाळीत शिबिराला दोष देतात.

शिबिरातले दहा दिवस अभ्यासाच्या दृष्टीने पूर्ण जातात, हे मान्य करूनच बेत आखावा. पहाटे पीटी, मग कवायत, फायरिंग, व्याख्यानं, दुपारचे खेळ, रोल कॉल, रात्री सांस्कृतिक कार्यक्रमाचा सराव. बॅगेत ठेवलेलं पुस्तक उघडलं जात नाही. पण या दहा दिवसांत जे मिळतं ते आठवड्याच्या परेडमध्ये मिळत नाही. अनोळखी जिल्ह्यांतली मुलं एका तंबूत राहतात. कुणी चंदगडचा, कुणी मुंब्र्याचा, कुणी अहेरीचा. फटिक ड्यूटीत मैदान झाडायचं, पाणी भरायचं आणि लाइन एरिया पाहणीला तयार ठेवायचा. या कामांत आपोआप कुणीतरी पुढे होतो, कामं वाटून देतो, दमलेल्याला सांभाळून घेतो. नेतृत्व म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा इथे लवकर उमगतं. शिबिराच्या दिवसांसाठी बटालियनकडून प्राचार्यांच्या नावे पत्र मिळतं. ते कार्यालयात वेळेवर देऊन हजेरीत ‘ऑन ड्यूटी’ नोंद करून घेणं हे कॅडेटचं काम आहे. परीक्षेच्या तोंडावर हजेरीची यादी लागल्यावर पत्रं शोधणारी मुलं दरवर्षी दिसतात.

दिल्लीच्या शिबिराविषयी माझं मत स्पष्ट आहे. ज्याला ती संधी मिळेल त्याने जरूर जावं, पण शक्यतो दुसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षाचे गुण, सी सर्टिफिकेटची परीक्षा आणि स्पेशल एंट्रीचा अर्ज हे तिन्ही एकत्र येतात. त्यात चार महिने बाहेर राहणं महागात पडतं. कर्तव्यपथावरच्या संचलनाचं आणि पंतप्रधानांच्या रॅलीचं तेज निर्विवाद आहे. सर्वोत्तम संचालनालयाला मिळणारा पंतप्रधान ध्वज महाराष्ट्राने अनेकदा जिंकला आहे आणि त्यामागे या मुलामुलींची महिनोन्‌महिन्यांची मेहनत आहे. पण स्पेशल एंट्रीच्या अटींत दिल्लीचं शिबिर कुठेही नाही. थल सैनिक शिबिर, गिर्यारोहण, सैन्याच्या तुकडीसोबतचं अटॅचमेंट शिबिर, एक भारत श्रेष्ठ भारत शिबिर असे इतर पर्याय आहेत आणि त्यांतले बरेचसे कमी दिवसांत आटोपतात. अधिकारी व्हायची इच्छा असलेल्याने संधी मिळाली तर अटॅचमेंट शिबिर निवडावं. खऱ्या पलटणीत जवान कसे राहतात, तरुण लेफ्टनंट सकाळपासून रात्रीपर्यंत काय करतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. हे आयुष्य आपल्याला हवं आहे का, या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तरही तिथेच मिळतं. ते ‘नाही’ असेल तरी काही बिघडत नाही.

मुलींच्या वाट्याला आणखी एक लढाई येते. परेड, शिबिर, अभ्यास यांच्या जोडीला घरच्यांची परवानगी मिळवावी लागते, आणि ती दर शिबिराला नव्याने मागावी लागते. त्यांनी पालकांना एकदा एएनओ मॅडमना प्रत्यक्ष भेटवावं. शिबिरात मुलींची राहण्याची व्यवस्था वेगळी असते, सोबत महिला अधिकारी असतात, हे आईवडिलांनी स्वतः ऐकलं की विरोध पुष्कळ मावळतो. चेन्नईच्या अकादमीत मुली १९९२ पासून प्रशिक्षण घेत आहेत. एवढ्या वर्षांनंतर ‘मुलगी सैन्यात?’ हा प्रश्न घरात उठू नये, पण उठतो. त्याला माहिती देऊनच उत्तर द्यावं लागतं.

शरीराची तयारीही कॉलेजच्या वर्षांतच व्हावी लागते. अकादमीत दाखल होताना मुलांनी २.४ किलोमीटर १० मिनिटं ३० सेकंदांत धावावं, ४० पुशअप काढावेत अशी अपेक्षा असते. निवड झाल्यावर दोन महिन्यांत हे जमवायला गेलं की नडगी आणि गुडघे दुखावतात आणि वैद्यकीय तपासणीत अडचण येते. आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज पाऊण तास, तीन वर्षं. एवढं पुरतं. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या मुलांनी रोज अंडी, दूध किंवा शेंगदाणे-चणे पोटात जातील एवढं पाहावं. आणि झोप. रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला परेड असं चालवणारा विद्यार्थी सोमवारच्या पहिल्या तासाला बसल्या जागी पेंगतो, हे सगळ्याच शिक्षकांना माहीत आहे.

आता एसएसबी. कॉलेजजीवनाशी तिचा संबंध फार जवळचा आहे आणि तो बहुतेकांच्या उशिरा लक्षात येतो. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू इथल्या केंद्रांवर पाच दिवस ही निवड चालते. पहिल्या दिवशी चाळणी. मग मानसशास्त्रीय चाचण्या: चित्र पाहून गोष्ट लिहायची, साठ शब्दांवर प्रत्येकी पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, तीस मिनिटांत साठ प्रसंगांवर आपण काय करू ते सांगायचं. त्यानंतर मैदानावर गटाची कामं, एक दीर्घ मुलाखत आणि शेवटी परिषद. मुलाखत घेणारे अधिकारी उमेदवाराने भरलेला माहितीपत्रक फॉर्म समोर ठेवतात. त्यात दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या, एनसीसीतलं पद हे सगळं असतं. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. बारावीला ८० टक्के आणि पहिल्या वर्षाला ५५ का? शिबिरामुळे गुण कमी झाले म्हणता, मग पुढच्या सत्रात काय केलंत? गॅदरिंगची जबाबदारी होती, तर पैशाचा हिशेब कुणी ठेवला? भांडण झालं तेव्हा काय केलंत?

या प्रश्नांची उत्तरं क्लासमध्ये पाठ करून देता येत नाहीत. ज्याने तीन वर्षं वर्ग, मित्र, परेड, घर यांच्यात वेळ वाटून दिला आहे, त्याच्याकडे सांगायला खऱ्या गोष्टी असतात. म्हणूनच फक्त परेडपुरतं कॉलेजात येणाऱ्या कॅडेटचं भवितव्य मला काळजीचं वाटतं. नाटकाच्या तालमीत बसा, नियतकालिकाचं संपादन करा, सहलीचा खर्च सांभाळा, एनएसएसच्या मित्रांबरोबर श्रमदानाला जा. अधिकाऱ्यात जे पंधरा गुण तपासले जातात, त्यांत संघटनकौशल्य, पुढाकार, जबाबदारीची जाणीव आणि समाजात मिसळण्याची क्षमता यांना स्थान आहे. हे गुण ग्राउंडवर जसे घडतात तसे कँटीनच्या टेबलावरही घडतात.

तयारीसाठी महागडे क्लास परवडत नसतील, तर महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचं नाशिकरोड इथलं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र लक्षात ठेवावं. तिथे सीडीएस परीक्षेसाठी आणि एसएसबीसाठी महाराष्ट्रातल्या उमेदवारांना मोफत प्रशिक्षण मिळतं; राहण्या-जेवणाचाही खर्च नसतो. सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडमध्ये उत्तीर्ण झालेल्या आणि ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केलेल्या कॅडेटना तिथल्या एसएसबी वर्गासाठी अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली की तारखा कळतात. ही सोय किती तरी लायक मुलांपर्यंत पोहोचतच नाही.

महाविद्यालयांकडूनही अपेक्षा आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एनसीसीला अभ्यासक्रमात आणि श्रेयांकांत जागा मिळाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ती वैकल्पिक विषय म्हणून देण्याची सूचना सर्व विद्यापीठांना केली. पण कागदावर श्रेयांक देऊन भागत नाही. कॅडेट शिबिराला असताना अंतर्गत चाचणी झाली, तर ती नंतर घेण्याची लेखी व्यवस्था हवी. बुडलेल्या प्रात्यक्षिकांसाठी एक जादा दिवस हवा. हार घेऊन उभं राहायला, पाहुण्यांना सलामी द्यायला कॅडेटना तासांमधून उठवून नेण्याची प्रथा तर ताबडतोब थांबायला हवी. ती मुलं आधीच वर्गातला बराच वेळ देशाच्या कामासाठी देत आहेत. समारंभांच्या शोभेसाठी आणखी मागणं अन्याय आहे.

एसएसबीत पहिल्या खेपेला निवड झाली नाही तर खचू नये. वयात बसेपर्यंत पुन्हा अर्ज करता येतो आणि आज पलटणीत असलेल्या अनेक अधिकाऱ्यांनी दोन-तीन वेळा प्रयत्न केलेले आहेत. तोवर हातात चांगल्या गुणांची पदवी असेल, तर पदव्युत्तर प्रवेश, बँका, पोलीस सेवा, स्पर्धा परीक्षा अशा सगळ्या वाटा मोकळ्या राहतात.

यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांनी प्रवेशाच्या आठवड्यातच आपल्या कॉलेजच्या एएनओंना भेटावं. भरतीची सूचना बहुधा फलकावर लागते आणि मोजक्या दिवसांत जागा भरतात. धावणं, छोटी लेखी परीक्षा, मुलाखत एवढीच प्रक्रिया असते. येताना परीक्षांचं वेळापत्रक सोबत आणा आणि वर्षभरातल्या शिबिरांच्या तारखा तिथेच विचारून घ्या.